मॅनिफोल्डचे तुटलेले स्टड: हेड उतरवायची घाई नको

पत्र : आमचं 1999 सालचं टाटा 407 आहे. वडिलांनी घेतलेलं, आता मी चालवतो. नारायणगावहून टोमॅटो भरून वाशीला जातो, येताना मिळेल तो माल आणतो. चार महिन्यांपासून सकाळी गाडी सुरू केली की इंजिनातून टकटक आवाज येतो आणि गाडी तापली की कमी होतो. टॅपेट (वॉल्व्हची फट) सेट करून घेतले, फरक पडला नाही. मग कळलं की एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनचा धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणाऱ्या बिडाच्या पाइपचा, सगळ्यात मागचा स्टड (हेडमध्ये बसवलेला बिनडोक्याचा बोल्ट) तुटलाय. मिस्त्री मॅनिफोल्ड खोलायला बसले, तर शेजारचा स्टडही पान्याखाली तुटला. मॅनिफोल्ड कसाबसा उतरवला. पहिला स्टड हेडच्या (इंजिनच्या वरच्या भागाच्या) आत तुटलाय, दुसऱ्याचा अर्धा इंच तुकडा बाहेर आहे. उरलेल्या नटांवर मॅनिफोल्ड पुन्हा चढवून गाडी घरी आणली. मिस्त्री म्हणतात हेड उतरवून लेथवर न्यावं लागेल. शेजारचे एकजण म्हणतात, इझी-आऊट (तुटलेला स्टड काढायचं उलट्या पिळाचं हत्यार) लावला की पाच मिनिटांचं काम. मी आयटीआयला फिटर केलंय, हत्यारं घरात आहेत. स्वतः काढू का? आणि सीझन संपेपर्यंत गाडी अशीच चालवली तर चालेल का?
— जुन्नर तालुक्यातील एक वाचक

उत्तर :

भाऊ, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं सगळं थांबू शकतं, ते नाही. गाडी अशी चालवू नका. 407 मध्ये इंजिनचं कव्हर केबिनच्या आतच आहे, तुमच्या मांडीला लागून. मॅनिफोल्डमधून फुटलेला धूर सायलेन्सरने मागे न जाता त्या कव्हरखाली साचतो आणि फटीफटीतून आत येतो. डिझेलच्या धुरात पेट्रोलपेक्षा कार्बन मोनॉक्साइड कमी असतो हे खरं, पण असतो. त्याला ना रंग, ना वास. रात्री माळशेज उतरताना थंडीमुळे काचा बंद, आणि क्लीनर त्याच उबदार कव्हरवर डोकं टेकून झोपलेला. हे चित्र मी इतक्या गाड्यांत पाहिलंय की मॅनिफोल्ड गळतोय असं कुणी लिहिलं की मला आधी तो झोपलेला पोरगा दिसतो. डोकं जड होणं, मळमळणं, डोळे चुरचुरणं, यातलं काही गेल्या चार महिन्यांत झालं असेल तर ते थकव्यावर ढकलू नका. शिवाय त्या फटीतून येणारी आच जवळच्या वायरिंगवर आणि रबरी पाइपांवर पडत राहते. दोन खेपा चुकल्या तर चुकू द्या.

आता स्वतः काढायचं का? माझं मत, हो. निदान सुरुवात तरी तुम्ही करा. मिस्त्री चुकीचे नाहीत, हेड उतरवणं हा शेवटचा उपाय आहेच. पण त्याच्या आधी तीन उपाय आहेत आणि त्यांना पैशापेक्षा वेळ जास्त लागतो. गॅरेजमध्ये तीन गाड्या रांगेत उभ्या असतात, तिथे एका स्टडला चार दिवस कोण देणार? तुम्ही देऊ शकता.

हत्यार उचलण्यापूर्वी त्या दोन तुकड्यांकडे नीट बघा. ते दोन वेगवेगळ्या कारणांनी तुटलेत, म्हणून त्यांची वागणूकही वेगळी असणार.

मागचा स्टड आपोआप तुटला. का तुटला याचा हिशेब सोपा आहे. बीड तापलं की वाढतं, दर मीटरला दर अंशाला साधारण 0.011 मिलीमीटर. मॅनिफोल्ड 40 सेंटिमीटर लांब आणि चढावर भरल्या गाडीला त्याचं तापमान 400 अंशांनी वाढलं असं धरा. तो पावणेदोन मिलीमीटर लांब होतो. हेडला मात्र पाणी गार ठेवतं, ते नव्वदच्या आसपास राहतं आणि तेवढ्याच लांबीत जेमतेम तीस शतांश मिलीमीटर वाढतं. म्हणजे दोघांमध्ये सुमारे दीड मिलीमीटरची ओढाताण. मधल्या स्टडना ती जाणवत नाही, टोकाच्या स्टडना सगळ्यात जास्त. गाडी तापली की टोकाचा स्टड बाहेरच्या बाजूला वाकतो, गार झाली की परत येतो, रोज, पंचवीस वर्षं. तार पुढे-मागे वाकवून तोडतो तसाच हा तुटतो. टकटक गार इंजिनात येते आणि तापल्यावर कमी होते, तीही याचमुळे: बीड फुगून फट दाबली जाते. तुमच्या मिस्त्रींनी टॅपेटवर संशय घेतला त्यात नवल नाही, आवाज अगदी तसाच असतो. फटीजवळ काजळीचा काळा ओघळ दिसला असता तर लवकर कळलं असतं.

अशा रीतीने वाकून तुटलेला स्टड हेडच्या आट्यांत घट्ट जाम असेलच असं नाही. त्याला कुणी पिळलेलंच नाही. तुटलेला चेहरा काळपट आणि जुना असेल, फार तर एका कडेला थोडा चकचकीत. उलट दुसरा स्टड पान्याच्या पिळाने तुटला. नट त्याच्यावर जाम होता आणि तोही हेडमध्ये जाम होता. दोन्हींपैकी एक जरी सुटला असता तर तो तुटला नसता. म्हणून अर्धा इंच बाहेर आलेला तुकडा दिसायला सोपा आहे, पण माझा अंदाज की त्रास तोच देईल. आत गेलेला कदाचित ड्रिलच्या धक्क्यानेच फिरेल.

शेजारच्यांच्या इझी-आऊटबद्दल मला कळकळीने सांगायचंय. आठ किंवा दहा एमएमचा स्टड त्याच्या पूर्ण जाडीची ताकद लावूनही फिरला नाही, तुटला. आता त्याच्या पोटात भोक पाडून त्या भोकात मावेल एवढा बारीक इझी-आऊट घालायचा आणि तोच जाम स्टड फिरवायचा. जिथे जाड हरला तिथे बारीक कसा जिंकेल? वर इझी-आऊट निमुळता असतो, जसा पिळाल तसा तो पाचरीसारखा घुसतो आणि स्टडला आतून फुगवून आट्यांत आणखी आवळतो. मग तुटतो. आणि तो कडक पोलादाचा असल्यामुळे साध्या एचएसएस ड्रिलला दाद देत नाही. कामाच्या दुसऱ्याच वर्षी माझ्या हातून हे झालंय. तो तुकडा काढायला शेवटी हेड उतरवावं लागलं, एमआयडीसीत स्पार्क मशीनवर (ठिणग्यांनी कडक धातू झिजवणाऱ्या यंत्रावर) न्यावं लागलं, आणि त्या गाडीच्या मालकाची ऐन ऊसतोडीतली पाच दिवसांची कमाई गेली. त्यांनी मला एक शब्दही बोलला नाही, म्हणून ते जास्त लक्षात राहिलं. इझी-आऊट हे हत्यार वाईट नाही, पण ते सैल असलेल्या तुकड्यासाठी आहे, जाम असलेल्यासाठी नाही.

तर सुरुवात भिजवण्यापासून. चांगलं पेनिट्रेटिंग ऑइल आणा. नुसता पाणी हटवणारा स्प्रे इथे पुरत नाही. जुने मिस्त्री ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि ॲसिटोन समसमान मिसळून वापरतात, ते मिश्रण बारीक फटीत छान उतरतं. पण ॲसिटोन भडकतो, म्हणून गार इंजिनावर, उघड्या जागेत, विडी-काडीपासून लांब. ब्रेक ऑइल किंवा रॉकेल लावणारेही आहेत. काहीच नसण्यापेक्षा ते बरं. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन थेंब, तीन दिवस. प्रत्येक वेळी तेल लावण्याआधी बाहेरच्या तुकड्याच्या डोक्यावर हलक्या हातोडीने वीस-पंचवीस ठोके द्या. जोर नको, थरथर हवी. त्या थरथरीने गंज तडकतो आणि तेलाला वाट मिळते.

याच तीन दिवसांत मॅनिफोल्डवरचे उरलेले नटही भिजवा, कारण मॅनिफोल्ड पुन्हा उतरवायचाच आहे आणि तिसरा स्टड तुटायला नको. सहा कोनांचा सॉकेट वापरा, बारा कोनांचा कडा गोल करतो. पाना लावल्यावर आधी किंचित आवळायच्या दिशेला नेऊन बघा, मग सैल करा. लांब पाइप लावून जोर काढू नका. एखादा नट हट्टाने बसलाच तर त्याला छिन्नीने किंवा नट स्प्लिटरने उभा चिरा. नट काही रुपयांत मिळतो, तुटलेला स्टड तुमचा आख्खा दिवस खातो. हा हिशेब मिस्त्रींनी त्या दिवशी केला असता तर आज एकच स्टड काढायचा राहिला असता. पण घाईत असलेल्या माणसाला मी दोष देत नाही.

मॅनिफोल्ड उतरला की हेडला चुंबक लावा. चिकटलं तर हेड बिडाचं आहे आणि वेल्डिंगचा उपाय तुमच्यासाठी उत्तम. तुकड्याची जाडी आणि आट्यांचं अंतर व्हर्निअर आणि पिच गेजने मोजून कागदावर लिहून ठेवा. नंतर टॅप (आटे पाडायचं हत्यार) निवडताना आठवणीवर विसंबू नका.

बाहेर आलेल्या तुकड्यावर आधी दोन नट एकमेकांवर आवळून आतल्या नटाला पाना लावून बघा. आटे खराब असतील तर ग्रिप प्लायर. पण एकदा-दोनदाच. फिरत नाही असं दिसलं की थांबा. प्लायर घसरून तुकडा गोल झाला किंवा आणखी आखूड झाला तर पुढचा उपाय अवघड होतो.

पुढचा उपाय म्हणजे नट वेल्ड करणं. मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो हाच, आणि तो का चालतो हे समजलं की तुम्ही तो घाईने बिघडवणार नाही. तुकड्यावर त्याच्यापेक्षा एक माप मोठा नट ठेवायचा आणि नटाच्या पोटातून वेल्ड भरायचा. सीओटू वेल्डिंग असेल तर छान. नसेल तर 7018 चा 2.5 एमएमचा रॉड, पूर्ण कोरडा. स्टड काही सेकंदांत लाल होतो, फुगतो, पण भोवतालचं जाड गार बीड त्याला फुगू देत नाही. मग तो स्वतःच आत दबतो. गार झाल्यावर तो पहिल्यापेक्षा केसभर बारीक झालेला असतो आणि गंजाची पकड तुटलेली असते. नट हे नुसतं पाना लावायचं निमित्त आहे, काम करते ती आच. म्हणून वेल्ड झाल्या झाल्या पाना लावायचा नाही. लाली जाऊ द्या, आणखी दोन-तीन मिनिटं थांबा. अजून चांगला चटका बसत असतानाच बुडाशी साधी मेणबत्ती टेकवा. मेण पाण्यासारखं पातळ होऊन आट्यांत ओढलं जाईल. मग पाना, आणि तोही एकाच दिशेला नाही. पाव फेरी सैल, पाव फेरी घट्ट, पुन्हा सैल. करकर आवाज आला तर परत मागे. पहिल्यांदा नट वेल्डसकट तुटून हातात आला तर वाईट वाटून घेऊ नका. घासून साफ करा, नवा नट ठेवा, पुन्हा. चौथ्या-पाचव्या नटाला निघालेले स्टड मी पाहिलेत, आणि तिसऱ्याला सोडून दिलेलेही.

वेल्डिंगची पथ्यं मात्र पाळा. बॅटरीची दोन्ही टोकं काढा, अल्टरनेटरचा जोड सोडवा. अर्थचा चिमटा हेडलाच, स्टडच्या जवळ लावा. चॅसीला लावला तर करंट बेअरिंगांतून वाट काढतो. भिजवलेलं तेल आधी फडक्याने कोरडं पुसा आणि ते फडकं लांब ठेवा. ब्रेक क्लिनरच्या फवाऱ्याने जागा धुऊन लगेच वेल्डिंग कधीही करू नका, क्लोरीन असलेल्या क्लिनरचा वेल्डिंगच्या आचेत प्राणघातक वायू होतो. डिझेलच्या पाइपांवर ओलं गोणपाट, जवळ वाळूची बादली किंवा विझवायचं सिलिंडर, आणि शेजारी एक माणूस उभा. तुटलेल्या स्टडजवळच्या, इंजिनच्या सिलिंडरच्या एक्झॉस्टच्या तोंडाशी पत्र्याचा तुकडा लावा, म्हणजे वेल्डचे थेंब आत उडणार नाहीत. इंजिन हाताने फिरवून इंजिनच्या त्याच सिलिंडरचा एक्झॉस्ट वॉल्व्ह बंद अवस्थेत आणून ठेवा. उघड्या वॉल्व्हमधून पोलादाचा एक कण जरी आत गेला तरी पिस्टन आणि लायनर त्याची किंमत मोजतात.

आत तुटलेल्या स्टडवरही वेल्डचा उपाय चालतो, तुकडा पृष्ठभागापासून दोन-तीन मिलीमीटरच खोल असेल तर. वर जाड वायसर ठेवा, वायसरच्या भोकातून थेंब-थेंब वेल्ड चढवत वर आणा, मग वायसरवर नट. बिडाला साधा वेल्ड नीट धरत नाही, ही इथे आपली सोय आहे. पण हात थरथरत असेल किंवा जागा अंधारी असेल तर हा प्रयोग करू नका, आट्यांची पहिली फेरी जळून जाते.

तुकडा त्याहून खोल असेल तर ड्रिल. इथे तुमचं फिटरचं शिक्षण कामाला येईल, कारण या कामात नव्वद टक्के यश भोक मधोमध पडण्यात आहे. तुटलेला चेहरा वाकडा असतो, ड्रिल त्याच्यावरून मऊ बिडाकडे घसरतं आणि मग भोक स्टडमध्ये न पडता हेडमध्ये पडतं. यावर सगळ्यात चांगला उपाय तुमच्या हातातच आहे, तो म्हणजे मॅनिफोल्ड. लेथवाल्याकडून एक छोटी बुश करून घ्या, बाहेरून मॅनिफोल्डच्या भोकात घट्ट बसणारी आणि आतून 3 एमएमच्या ड्रिलपुरती. मॅनिफोल्ड चांगल्या स्टडांवर चढवा, नट हाताने आवळा, बुश घाला आणि तिच्यातून ड्रिल सोडा. टोकाचं भोक प्रसरणासाठी मुद्दाम थोडं मोठं ठेवलेलं असू शकतं, म्हणून बुश भोकात डुलत नाही ना आणि स्टडच्या मधोमध आली ना, हे आधी पंचने एक ठिपका मारून तपासा.

ड्रिल डाव्या पिळाचं मिळालं तर जरूर घ्या, मशीन उलट्या दिशेने चालवायची. मागचा स्टड जाम नसावा हा माझा अंदाज खरा असेल तर 3 नाही तर 5 एमएमला तो ड्रिलबरोबरच फिरून बाहेर येईल. कोबाल्टचं ड्रिल, कमी फेरे, सतत दाब आणि तेलाचे थेंब. ड्रिल नुसतं घासत राहिलं तर स्टड कडक होतो आणि मग काहीच चालत नाही. ड्रिलवर चिकटपट्टीची खूण करून स्टडच्या लांबीइतकंच खोल जा. काढलेल्या चांगल्या स्टडची लांबी बघून ती ठरवा. मागे पाण्याचं जॅकेट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी फिरतं ती पोकळी, असतं. भोकातून पाणी झिरपलं तर घाबरू नका. काही इंजिनांत स्टडचं भोक मुळातच पाण्यापर्यंत जातं, अशा ठिकाणी नवा स्टड बसवताना आट्यांना सीलंट लावावं लागतं. पण भोक मुळात बंद बुडाचं असूनही पाणी आलं असेल तर ड्रिल खूप खोल गेलंय, तिथेच थांबा.

तो सहजासहजी आला नाही तर 3 वरून 5, मग आट्यांच्या बुडापर्यंत. 8 एमएम, 1.25 पिचच्या स्टडला टॅपचं ड्रिल 6.8, 10 एमएम, 1.5 पिचच्या स्टडला 8.5. शेवटचं ड्रिल त्याहून तीन-चार शतांश सेंटिमीटर बारीक ठेवा, म्हणजे स्टडची नुसती साल उरते. टोकदार पंचने तिचा शेंडा आत वळवा आणि चिमट्याने ओढा, स्प्रिंगसारखी उलगडत येते. तशी ती बाहेर आली की मला आजही आनंद होतो. मग टॅप हाताने, अर्धी फेरी पुढे, पाव मागे. आटे खाल्ले गेले असतील तर हेलिकॉइल (तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे) बसवा आणि किटवर लिहिलेलंच ड्रिल वापरा. हेलिकॉइल म्हणजे जुगाड नाही, नीट बसलेला तो मूळ आट्यांइतकाच टिकतो.

आता हेड कधी उतरवायचं, तेही सांगतो. इंजिन कव्हर, सीट आणि चाकाजवळचा पत्रा काढूनही ड्रिल सरळ धरायला जागा मिळत नसेल आणि काटकोनी ड्रिलही बसत नसेल. भोक एका बाजूला सरकून बिडात शिरलं असेल. कुणी इझी-आऊट तोडून ठेवला असेल. किंवा स्टडच्या भोवती हेडला चीर दिसत असेल. यातलं एकही असेल तर त्याच क्षणी हत्यार खाली ठेवा आणि मिस्त्रींना बोलवा. हेड उतरलंच तर वॉल्व्ह ग्राइंडिंग आणि नवं हेड गास्केट एकाच खर्चात उरकून घ्या. ती हार नाही.

दोन्ही तुकडे निघाले की लगेच जोडायला बसू नका. मॅनिफोल्ड सपाट फरशीवर नाही, स्टीलच्या सरळ पट्टीवर ठेवून फिलर गेज घाला. चार महिने एका टोकाला मोकळा राहिलेला मॅनिफोल्ड वाकलेला असण्याची शक्यता मोठी आहे. वाकला असेल तर मशीन शॉपमध्ये तोंडं एका पातळीत करून घ्या. नवं पॅकिंग वाकड्या तोंडावर बसवून सिलिकॉन चोपडणं म्हणजे पैसे धुरात घालणं. चीर असेल तर वेल्ड करण्यापेक्षा दुसरा मॅनिफोल्ड घ्या. तापलेल्या बिडाच्या चिरेला मारलेला टाका फार दिवस टिकताना मी पाहिलेला नाही.

स्टड कंपनीच्या मापाचे आणि मॅनिफोल्डसाठीचेच घ्या. हार्डवेअरच्या दुकानातले स्टेनलेसचे चकचकीत बोल्ट बघून मोह होतो. गंजत नाहीत, खरंय, पण स्टेनलेस आट्यांत चावून बसतं आणि बिडापेक्षा जास्त फुगतं. पुढच्या वेळी तेही तुटतील. नवे स्टड हेडमध्ये हाताने बसतील तेवढेच घट्ट करा, आट्यांना तांबूस अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) लावा. नट तांब्याचा मुलामा असलेले मिळतात, ते चांगले. आवळताना मधून टोकांकडे, दोन-तीन टप्प्यांत. टॉर्कचा आकडा मॅन्युअलचा घ्या आणि अँटी-सीझ लावलं असेल तर त्यापेक्षा थोडा कमी, कारण घसरणाऱ्या आट्यांवर तोच टॉर्क जास्त ताण देतो. गाडी सुरू करून पूर्ण तापू द्या, पूर्ण गार होऊ द्या, मग एकदा फेरआवळणी. पहिल्या दोन-तीन खेपांनंतर पुन्हा एकदा, नेहमी गार इंजिनावर.

बाकीचे जुने स्टड बदलायचे का, असंही तुमच्या मनात येईल. जे भिजवल्यावर राजीखुशीने निघतात ते बदला. जे निघत नाहीत पण सरळ आहेत, आटे शाबूत आहेत, त्यांना हात लावू नका. चांगल्या स्टडला मुद्दाम तोडून काय मिळणार?

एक गोष्ट मात्र राहिली आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. पंचवीस वर्षांत टोकाचा स्टड तुटणं समजू शकतो. पण मॅनिफोल्डच्या खाली जो पाइप लोंबतो त्याचं वजन कोण उचलतंय ते खाली सरकून बघा. सायलेन्सर पाइपचं ब्रॅकेट आहे का? त्याचा बोल्ट आहे का? रबर फाटलंय का? इंजिन माउंटिंग बसलंय का? ब्रॅकेट नसेल तर सगळा पाइप मॅनिफोल्डच्या मानेला लटकतो आणि प्रत्येक खड्ड्यात स्टडला झटका देतो. तसं असेल तर तुम्ही आज कितीही सुबक काम करा, नवे स्टडही त्याच जागी तुटतील. क्लच किंवा गिअरबॉक्सच्या कामाला पाइप खाली घेतात आणि वर चढवताना ते ब्रॅकेट बाजूला राहून जातं. मिस्त्री म्हणतो, नसलं तरी चालतं.

म्हणून आज संध्याकाळी स्टडना पहिलं तेल घालून झालं की वडिलांजवळ बसा. गाडीचं क्लचचं काम शेवटचं कधी झालं आणि त्यानंतर ते ब्रॅकेट परत लागलं का, हे त्यांना विचारा. गाडी त्यांनी इतकी वर्षं चालवलीय, त्यांना आठवत असेल. जे कळेल ते मला लिहा, आणि दोन्ही तुकडे निघाले की कोणता आधी निघाला तेही कळवा.